पांढरी पाच

दि. ३ मे

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

निकाल तुला फोनवर कळलाच. बाबांनी तो इतक्या मोठ्याने सांगितला, की फोन नसता तरी तुझ्यापर्यंत पोचला असता. विद्यापीठात जागा मिळाली, वसतिगृहात खोलीही मिळाली. पाच ऑगस्टला हजर व्हायचंय. खोलीत आणखी एक मुलगी असणार आहे. तिला गाणं आवडत असू दे, नाहीतर निदान झोप तरी गाढ असू दे.

तू घाईघाईत म्हणालीस, चांगला कीबोर्ड घे, पैसे मी पाठवते, आणि फोन कट. म्हणून काल बाबांबरोबर बसस्टँडमागच्या वाद्यांच्या दुकानात गेले. दोन पसंत पडले. एक मोठा आहे, अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा. हळू दाबलं तर हळू वाजतो, जोरात दाबलं तर जोरात. बोटाखाली पट्टीला वजन आहे गं, आपल्या पायपेटीसारखं. दुसरा लहान, एकसष्ट पट्ट्यांचा, कुणीतरी वापरून विकलेला. त्याच्या पट्ट्या डब्याच्या झाकणासारख्या हलक्या आहेत आणि पहिल्या मालकाने प्रत्येकीवर रंगीत कागद चिकटवले होते, त्यांचा डिंक अजून बोटाला लागतो. बाबांनी खिशातून टेप काढून दोन्ही मोजले. मोठा वसतिगृहाच्या खाटेखाली आडवा जातो म्हणे, तिरका नाही. ते आवाजाबद्दल काही बोलले नाहीत. आवाजातलं त्यांना किती कळतं ते तुला माहीतच आहे.

दुकानात एक फजिती झाली. मी मोठ्यावर आजोबांनी शिकवलेलं ते संथ गाणं वाजवायला घेतलं. मधली पांढरी पाच आली आणि बोट आपोआप वर राहिलं. मी थांबले. दुकानदार धावत आला, ती पट्टी चारदा दाबून दाखवली, म्हणाला, अगदी उत्तम चालते. मी त्याला सांगितलं, की आमच्या घरच्या पेटीत ही मुकी आहे, तिथे आई मागच्या खोलीतून गाते. त्याने विचारलं, मग आता कोण गातं. मी म्हटलं, आता कुणी नाही.

आई, तू नोकरीसाठी लांब जाऊन चार वर्षं झाली आणि मी अजून तिथे थांबते. वेडी आहे ना मी?

तुझ्या रजेचं काय झालं? दोन वर्षांपूर्वी मिळाली होती, म्हणजे हिशेबाने यंदा मिळायला हवी. जुलैत आलीस तर मला सोडायला तूच चल. बाबा चालतील, पण ते वसतिगृहाचे नळ दुरुस्त करत बसतील.

तुझा लोभ पाकिटात मावेल तेवढा पाठव, उरलेला घेऊन ये.

तुझी,
सुतळी


दि. १२ मे

चि. सुतळीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि मग दुपारभर चादरींवर आकडे उलटे शिवले. रुग्णालयाच्या चादरी आहेत त्या, प्रत्येकीवर विभागाचा आकडा लागतो. आता सहाव्या विभागाच्या दहा-बारा चादरी नवव्यात जातील. जाऊ देत, रोग्यांना काय फरक पडतो!

मोठाच घे. लहान बघायचंसुद्धा नाही. डिंकाच्या पट्ट्या म्हणे! चार वर्षं रोज ज्याच्यावर बोटं ठेवायची, ती वस्तू हाताला पटली पाहिजे. शिवणयंत्र घेताना मी तेच केलं होतं, तुझ्या बाबांनी नाक मुरडलं तरी. कानाला लावायचे हेडफोनही घे, म्हणजे खोलीतली मुलगी उशी फेकून मारणार नाही. पैशांची काळजी तू करू नकोस, ती करायला मी आहे. आणि गादीबरोबर एक जाड पांघरूण ने. तू रात्री लाथा मारून सगळं खाली टाकतेस.

रजेचं मात्र जमलं नाही गं. आमच्या मोठ्या बाई नाही म्हणाल्या. माणसं कमी आहेत, कपडे डोंगराएवढे. पुढच्या वर्षी नक्की. तोंड पाडू नकोस. बाबांना नळ दुरुस्त करू दे, त्यांनाही मुलगी लांब जाताना हाताला काहीतरी काम लागेल.

आणि तो सूर. नव्या कीबोर्डवर तो वाजतो, तर दाबायला शिक. माणसाने किती दिवस थांबायचं?

पत्र लवकर टाक. फोनवर रडू येतं, पत्रात नुसतं अक्षर बिघडतं.

तुझी माया मला पुरते आहे, पण आणखी चालेल.

आई


दि. २१ मे

सौ. शिवणबाईंस,
स. न. वि. वि.

मी पत्र लिहीत नाही हे तू जाणतेस. गॅरेजमध्ये दिवसभर बसगाड्यांखाली पडून हात असे होतात, की कागद काळा होतो. तरी लिहितोय, कारण मी काहीतरी घोळ घातलाय आणि तो काय आहे ते मला समजत नाही.

पोरगी आता जाणार. म्हटलं, जायच्या आधी तिची पेटी तरी धड करून द्यावी. इतकी वर्षं ती एक पट्टी मुकी, आणि मी घरात मिस्त्री! लोक हसतील. रविवारी मागची फळी खोलली. मला वाटलं आतली सुराची पत्ती तुटली असेल. पत्ती ठणठणीत! तिच्या तोंडाशी कापडाची एक घडी कोंबलेली होती. बोटाच्या पेराएवढी, कडा नीट कापलेल्या, आणि वर चार टाके. मी ती काढली, फुंकर मारली, पट्टी दाबली. खणखणीत वाजली.

मी सुतळीला हाक मारली. वाटलं, खूश होईल. तिने पट्टी दाबली, सूर आला, आणि ती तशीच उठून मागच्या खोलीत गेली आणि तुझ्या यंत्राच्या स्टुलावर बसून रडली. मी विचारलं काय झालं, तर म्हणते, काही नाही, छान केलंत. असं रडत कुणी छान म्हणतं का?

आता मला एवढंच सांग. उंदीर कापड पळवतो हे मला ठाऊक आहे. उंदीर टाके घालत नाही.

ती घडी मी स्क्रूच्या डब्यात ठेवली आहे. इकडचं सगळं ठीक. भिंतीवरचं घड्याळ पुढे जात होतं, तेही मी नीट केलं. त्यावरून कुणी रडलं नाही.

रागावली असलीस तरी लोभ काढून घेऊ नकोस, सुटे भाग मिळत नाहीत.

तुझा,
मिस्त्री


दि. २९ मे

श्री. मिस्त्रीसाहेबांस,
स. न. वि. वि.

शेवटी चोर सापडलाच. टाके माझे आहेत. तुमच्या जुन्या कोटाच्या अस्तराचं कापड, तेही ओळखलं नाहीत.

ती पट्टी आधी खरंच बिघडली होती. सुतळी पाच वर्षांची असताना. माझे वडील नुकतेच गेले होते, पेटी आपल्याकडे आली होती आणि पोरगी दिवसभर तिच्यावर. मी मागे यंत्रावर गिऱ्हाइकांचे कपडे शिवत असायची. ती वाजवत यायची, पांढऱ्या पाचशी अडायची, आणि गप्प बसून राहायची. मग मी मागून तो सूर लावायची आणि ती पुढे जायची. यंत्र सोडायला नको, उठायला नको. तेवढ्यापुरती मी आई असायची.

ती सहा वर्षांची झाली तेव्हा पेटीवाला आला आणि त्याने पाच मिनिटांत पत्ती बदलून दिली. तुम्ही तेव्हा गावोगावच्या बंद पडलेल्या बसमागे फिरत होता, तुम्हाला पत्ताच नाही. त्यानंतर आठवडाभर पोरगी पहिल्यापासून शेवटपर्यंत धडाधड वाजवायची. कुठे थांबणं नाही, मागे बघणं नाही. मी यंत्र थांबवून वाट बघायची. माझं काही कामच उरलं नाही. आठव्या दिवशी ती शाळेत गेल्यावर मी ती घडी शिवली आणि कोंबली. संध्याकाळी ती पुन्हा अडली आणि मी गायले. बारा वर्षं झाली. स्वार्थीपणा म्हणा, पाप म्हणा, काय वाटेल ते म्हणा.

मी अशी लांब येऊन बसेन आणि पोर त्या जागी एकटीच थांबत राहील, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं! दुकानातली हकिगत तिने लिहिली होती. रात्रपाळीच्या बायका सकाळी खोलीवर परतेपर्यंत मी ते पत्र उशाखाली घेऊन जागी पडले होते.

आता दुसरा गुन्हाही सांगून टाकते. मोठ्या बाईंनी रजा नाकारली नाही. मीच विकली. रजेत काम केलं की त्या महिन्याचा जादा पगार मिळतो, त्यात मोठा कीबोर्ड येतो. अर्ज दिलाय. जूनअखेरपर्यंत मागे घेता येतो म्हणे, पण मी घेणार नाही. पोरीला हवी ती वस्तू एकदा तरी, तडजोड न करता, मिळू दे. तिला यातलं एक अक्षर सांगू नका. मोठ्या बाई वाईट ठरल्या तर ठरू देत, त्यांना सवय आहे.

हे पत्र वाचून फाडून टाका. तुमच्या पोटात काही राहत नाही म्हणून सांगते.

लोभ काढून घ्यायला तो मी उसना थोडाच दिला होता?

तुमची,
शिवणबाई


दि. ८ जून

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

बाबांनी पत्र फाडलं नाही. कामाच्या शर्टाच्या खिशात ठेवलं, आणि या घरात कपडे धुवायचं काम माझ्याकडे आहे, हे तुम्ही दोघंही विसरलात. खिसे तपासल्याशिवाय कपडा भिजवायचा नाही, हे तूच शिकवलंस. आता भोग.

मी तुझ्यावर खूप रागावले आहे. आधी ते लिहून घेते. दोन दिवस मी बाबांशीही बोलले नाही. त्यांनी घाबरून घरातली सगळी कुलपं तेल घालून ठेवली आहेत.

लहान कीबोर्ड घेतला. आणला, डिंक पुसला, खाटेवर ठेवलाय. बाबांनी बाजूला टाकलेले पैसे आणि मी शेजारच्या मुलांच्या शिकवण्या करून जमवलेले, एवढ्यात तो आला. तुझी रजा विकायची गरज नाही. उगाच मोठेपणा करत नाहीये. दुकानात परत जाऊन मोठ्यावर अर्धा तास वाजवलं आणि मला तो हवा होता, अजूनही हवा आहे. पण पट्टी दाबली की मनात यायचं, ही म्हणजे आई जुलैत चादरी शिवतेय. तसा वाजवायचा कसा? लहानाच्या पट्ट्या हलक्या आहेत, पण त्या दाबताना छातीवर काही येत नाही.

आणि ते आठवड्याचं. मला तो आठवडा आठवतो, आई. पट्टी नीट झाली आणि मी मुद्दाम न थांबता वाजवत होते. मला वाटायचं, आता सगळं येतं म्हटल्यावर तू यंत्र सोडून बाहेर येशील, दारात उभी राहशील आणि वा म्हणशील. सात दिवस वाजवलं. तू आली नाहीस. आठव्या दिवशी पट्टी पुन्हा मुकी झाली तेव्हा मला इतका आनंद झाला, की मी कुणाला सांगितलं नाही, कुणी दुरुस्त करेल म्हणून.

तू मागे बसून वाट बघत होतीस, मी पुढे बसून. दोघींना काय झालं होतं गं?

मी पट्टी दाबायला शिकणार नाही, असं नाही. शिकेन. पण त्याआधी तू ये. अर्ज मागे घे. आजच घे.

माझा राग संपला, लोभ संपत नाही.

तुझी,
सुतळी


दि. १८ जून

चि. सुतळीस,
आशीर्वाद.

खिसे तपासायला शिकवलं ती माझीच चूक. अर्ज मागे घेतला. मोठ्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, आता काय झालं. मी म्हटलं, मुलीने कीबोर्ड घेतला. त्यांना काही कळलं नाही, पण सही केली.

चौदा जुलैला संध्याकाळी सहाच्या बसने पोचते. स्टँडवर कुणी येऊ नका, मला रस्ता ठाऊक आहे. तुला सोडायला मीच चालणार, नळांचं तुझे बाबा बघतील.

तू दारात यायची वाट बघत होतीस, हे वाचल्यापासून माझं कशात लक्ष लागत नाही. वाकडं अक्षर माफ कर.

लोभ घेऊन येते आहे, पिशवी वेगळी करावी लागली.

आई


दि. २७ जून

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तू निघायच्या आधी पोचेल ना?

काल रविवार होता. मी बाबांना सांगितलं, ती घडी परत घाला. ते म्हणाले, आयुष्यात कुठली चालती वस्तू मी बिघडवली नाही आणि आता म्हातारपणी बिघडवू? तासभर अंगणात फेऱ्या मारल्या. मग स्क्रूच्या डब्यातून घडी काढली, फळी खोलली, आणि इतक्या हळू हाताने बसवली, की मीच रडले. शेवटी पट्टी दाबून बघितली. वाजली नाही. तेव्हा म्हणाले, हं, झाली नीट.

वसतिगृहात मी लहान कीबोर्डवर वाजवेन आणि तिथे पांढरी पाच दाबेन. शब्द दिला. घरची मात्र अशीच राहील.

चौदाला दार उघडंच असेल. चपला काढ, पिशव्या ठेव, पण हाक मारू नकोस. मी पेटीवर बसलेली असेन, दाराकडे पाठ करून. तू दारात उभी राहा. मी पांढऱ्या पाचपाशी येईन आणि थांबेन. बस उशिरा आली तरी थांबेन.

एवढा लोभ असावा.

तुझी,
सुतळी