चार कॉलेजं आणि एक निष्पक्ष तक्ता

३ मे, सकाळी ६.१०
उद्या निघायचं. आठ दिवस, चार डोंगरी गावं, चार कॉलेजं. लेकीला भूगर्भशास्त्र शिकायचंय. दगड डोंगरात, म्हणून कॉलेजंही डोंगरात.

लोक मुलांचे निर्णय भावनेच्या भरात घेतात. मी घेणार नाही. बावीस वर्षं लिफ्ट तपासतोय. केबलवर माया करून भागत नाही, ती ओढूनच बघावी लागते. म्हणून गुणांचा तक्ता केला आहे. ऑफिसातला तपासणीचा फॉर्म तयारच होता, त्यातल्या इमारतींच्या जागी कॉलेजं टाकली. हॉस्टेल, लिफ्ट, पाणी, शिक्षक, अंतर. 'एकूण'चा रकाना शेवटच्या दिवसापर्यंत लपवून ठेवलाय, म्हणजे माझ्यासुद्धा मनावर परिणाम नको. जे कॉलेज पहिलं येईल तिथेच प्रवेश. तिघांच्या सह्या घेतल्या. सौ.ने न वाचता केली. लेकीने तक्ता बराच वेळ वाचला, मग हसून केली. विश्वास म्हणतात तो हाच.

संकल्प : गाडी सगळीकडे मीच चालवणार. कॉलेजात प्रश्न लेकच विचारणार, मी मागे उभा. पहिल्या कॉलेजची तरफदारी करणार नाही.

४ मे
पहिलं कॉलेज. घरापासून पाऊण तास. डोंगर नाही म्हटलं तरी चालेल, टेकडी आहे. पण माणसाने किती हाव धरावी? लिफ्ट उत्तम. सहा वेळा खालीवर केली. नळाला पाण्याचा दाब असा, की बाही भिजली. दर रविवारी मुलगी जेवायला घरी येऊ शकते हे मी फक्त माहिती म्हणून सांगितलं. तीन वेळा. सौ. म्हणाली, कळलं हो.

प्रश्न लेकच विचारणार होती, पण ती सुरुवात करायला फार वेळ लावते. नाइलाजाने मी एकोणीस विचारले.

५ मे
घाटातली वळणं मी सफाईदारपणे घेतली. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याचं मत वेगळं होतं, तो ते हॉर्न वाजवून सांगत होता.

६ मे
दुसरं कॉलेज. हॉस्टेलच्या खिडक्यांना कड्या ढिल्या. गुण कापले. गाईड मुलीने मला विचारलं, काका, प्रवेश तुम्हाला घ्यायचाय का? लेक आणि सौ. दोघी एकदम दुसरीकडे बघायला लागल्या. मुलींना हसू आवरत नाही, हा शिस्तीचा अभाव. आणखी दोन गुण कापले.

७ मे, दुपार
कंबर धरली. उशी चुकीची होती. आता लेक गाडी चालवतेय आणि मी शेजारी बसून मार्गदर्शन करतोय. पहिल्या दहा किलोमीटरनंतर तिने गाडी बाजूला घेतली आणि विचारलं, बाबा, तू मागे बसतोस का? मागे ऐसपैस जागा आहे. कंबरेला तेच बरं.

तिसरं कॉलेज बाहेरूनच पाहिलं. सुट्टी होती. फोन करून विचारायची जबाबदारी कोणाची होती या विषयावर मी चर्चा वाढवली नाही, कारण ती माझी होती.

९ मे
चौथं कॉलेज. घरापासून सहाशे चाळीस किलोमीटर. रस्ता संपतो, मग गाव लागतं, मग कॉलेज. इमारत एकमजली. लिफ्ट : शून्य. वास्तविक लिफ्टची गरजच नाही, पण नियम म्हणजे नियम. गरम पाणी फक्त सकाळी. फोनला रेंज बस थांब्यावर.

तिथल्या प्रयोगशाळेच्या बाई साठीच्या असतील. बुटांना चिखल, हातात हातोडी. त्यांनी लेकीला एक दगड दिला आणि फोडून बघ म्हणाल्या. ही जी अंगणात मांडी घालून बसली ती दोन तास उठलीच नाही. प्रश्नावर प्रश्न विचारत होती, मधे मला एकही विचारू दिला नाही. जेवायचंही विसरली. आरोग्याच्या दृष्टीने ही चिंतेची बाब आहे. शेऱ्यात तसं नोंदवलं.

तिचा चेहरा इतका खुललेला मी शेवटचा कधी पाहिला होता, आठवत नाही. हे तक्त्यात येत नाही.

१० मे, सकाळी
लॉजच्या व्हरांड्यात निकाल जाहीर केला. आधी छोटं भाषण केलं : निकाल काहीही लागो, कोणी रडारड करायची नाही. मग लपवलेला रकाना उघडला.

चौथं कॉलेज, एकाहत्तर. पहिलं कॉलेज, अठ्ठावन्न.

शक्यच नाही. तपासलं. अंतराचे चाळीस गुण. आमच्या ऑफिसात लांबच्या इमारतींकडे कोणी फिरकत नाही, म्हणून जितकं लांब तितके जास्त गुण, म्हणजे तिथे तपासनीस आधी पाठवतात. ही युक्ती माझीच. साहेबांनी शाबासकी दिली होती. तोच फॉर्म मी जसाच्या तसा उचलला.

लेक म्हणाली, मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं.

मी म्हटलं, तांत्रिक चूक आहे. दोन मिनिटांत सुधारली. पहिलं कॉलेज पहिलं आलं. शास्त्राचा विजय. लेक कप उचलून आत गेली. सौ. म्हणाली, अहो, तक्ता बोलून झाला, आता तुम्ही बोला.

१० मे, दुपारी
लॉजच्या मागे लेक एकटी बसली होती. मी मुद्दे काढून नेले होते : पाण्याचा दाब, रेंज, हवामान. तोंड उघडलं तर बाहेर पडलं भलतंच. म्हटलं, तू इतक्या लांब गेलीस तर मला जेवण जाणार नाही. मला तू जायला नकोयस. आणि तू तिथे शोभतेस.

ती रडली. मीही. भाषणातली अट मीच मोडली. डोळे पुसत तिने विचारलं, बाबा, हे कुठल्या रकान्यात भरायचं?

खोलीत आलो आणि चूक होती तशी परत घातली. एकाहत्तर. खाली सही केली.

११ मे, संध्याकाळी
घरी. दाराच्या फटीतून आत पडलेल्या टपालात चौथ्या कॉलेजचं पत्र. प्रवेश मंजूर. अर्जाची तारीख दीड महिन्यापूर्वीची. पालकाची सही आईची.

मी सौ.ला शांतपणे, म्हणजे पूर्वी ओरडायचो त्यापेक्षा शांतपणे, विचारलं. ती बॅगा उपसत म्हणाली, तुम्ही मनापासून नाही म्हणाला असता, तर पोरगी गेली नसती. पत्र फाडून टाकलं असतं तिने.

मग हे आठ दिवस, चार कॉलेजं, ती ढिली कडी, ते एकोणीस प्रश्न कशासाठी?

म्हणाली, तिचं कधीच बघून झालं होतं हो. तुम्हाला दाखवायला नेलं होतं.