अठराव्या वाचकाची तजवीज

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, प्रयोगशाळांतली यंत्रं दुरुस्त करण्यात जन्म घालवून निवृत्त झालेला, हे राजीखुशीने लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. बायको हयात असती तर तिने तो अडवला असता.

१. राहतं घर, दोन खोल्या आणि गळकी गच्ची, माझ्या धाकट्या बहिणीला. (खोडले. कलम ५ पाहावे.)

२. पान्हे, सोल्डरिंगचं सामान आणि फ्लॉपी वाचणारा जुना ड्राइव्ह भाचीला. वरच्या मजल्यावरच्यांनी नेलेली ड्रिल मशीन परत आली तर तीही तिचीच. नऊ वर्षं ‘उद्या देतो’ चाललं आहे, तेव्हा तिने आशेवर राहू नये.

३. जगभरच्या शास्त्रज्ञांची मोजमापं एकत्र ठेवणारा एक मुक्त मंच आहे. प्रत्येक कंपनीचं यंत्र आपली फाइल आपल्याच तऱ्हेने लिहितं. ती मंचाला कळावी म्हणून छोटा प्रोग्रॅम लागतो, त्याला आम्ही वाचक म्हणतो. असे सतरा वाचक मी फुकट लिहिले. ते सगळ्यांचे आहेत, वारसांनी हक्क सांगू नये. ज्याला हवे त्याने बदलावेत, मात्र त्यात मी कंपन्यांना घातलेल्या शिव्या खोडू नयेत. त्या त्यांनी कमावलेल्या आहेत.

४. अठरावा वाचक धाकटीच्या यंत्राचा. ती पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत होती. सव्वीस वर्षं दर मंगळवारी होडीतून जाऊन तिने तळ्याचं पाणी मोजलं. यंत्राची कंपनी बुडाली, फाइली उघडणारं काही उरलं नाही. तिने मोठ्या विश्वासाने एक फाइल नमुन्याला दिली. माझा वाचक म्हणाला, तळं साडेतीनशे अंशांवर आहे. मी मंचावर, चारचौघांत लिहिलं, “बाईंनी तळं उकळायला ठेवलेलं दिसतं.” लोक खो खो हसले. तिने उरलेल्या फाइली दिल्याच नाहीत, आणि आठ वर्षं माझ्याशी अवाक्षर बोलली नाही.

आता खरं लिहितो. तिचं यंत्र प्रत्येक आकड्याचे दोन तुकडे करून मागचा आधी लिहीत असे. मी पुढचा आधी धरला. चार दिवसांत हे कळलं, गुपचूप दुरुस्त केलं आणि मूग गिळून बसलो. सतरा वाचकांचा माज, दुसरं काय! चूक माझी होती. तिचे आकडे पहिल्यापासून बरोबर होते. मला फार लाज वाटते.

मंचाचा नियम असा की आपलं काम आपणच पास करायचं नाही. दुसऱ्याला ते खऱ्या फाइलींवर चालवून बघावं लागतं. फाइली तिच्याकडे, जुन्या फ्लॉपींवर, आणि त्या फ्लॉपी दर वर्षी खराब होत चालल्या आहेत. मी गेल्यावर तरी तिने त्या द्याव्यात, एवढीच विनंती. अट नाही.

५. आज दुपारी वाढवलेलं कलम. घराचं कानावर घालायला वकिलांनी धाकटीला बोलावलं आणि वरचं सगळं वाचून दाखवलं. तिने कागद ओढून घेतला आणि चौथं कलम स्वतः पुन्हा वाचलं. मग म्हणाली, “लेखी दिलंस ते बरं केलंस, दादा. तोंडी तुला सात जन्मांत जमलं नसतं. साक्षीला कोण आहे?”

वकील म्हणाले, “एक आमच्या कारकूनबाई. दुसरं बघतोय.”

“मी करते.”

“ताई, ज्याला घर मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही.”

“मग घर माझ्या पोरीला द्या. दादाने चूक कबूल केली, ह्याला साक्षीदार मीच!”

सबब घर भाचीला.

ठिकाण: माझं जेवणाचं टेबल
तारीख: वीस जून
सही: दादा

साक्षीदार:
१. वकिलांच्या कारकूनबाई (सही)
२. धाकटी बहीण (सही). शेजारी तिच्याच अक्षरात: “उद्या सकाळी फ्लॉपी घेऊन येते. सगळ्या चालवून होईपर्यंत हा कागद कपाटातच राहू दे.”