चोरीची वेल

चिखली, गुरुवार, दिवेलागण

नव्या घराच्या खिडकीत हौसेनं डब्यांत लावलेली सगळी रोपं मी पाणी घालघालून कुजवली. आज शेजारच्या रजियाचाचींकडे मनीप्लँटची फांदी मागितली, तर चक्क नाही म्हणाल्या!

"मांगून नेलेली वेल लागत नाही, बेटी. चोरून ने. मले काई दिसून नाही राह्यलं."

आणि खरंच पाठ फिरवून तांदूळ निवडत बसल्या.

मला कुठली जमते चोरी? जीव मुठीत धरून वेलीपाशी गेले, तर फांदी आधीच कापून ओल्या फडक्यात गुंडाळलेली. ओल्या फडक्यात! म्हणजे मी येणार हे यांना ठाऊक होतं?

काय बाई आहे!

निघाले, तर पाठमोऱ्याच ओरडल्या, "अन् चोरटे, पानी कमी घाल!"