मामोसाची तांबडी भिंत

३ ऑक्टोबर
आज सासरच्या गावी, हा-सेओटात, पोहोचले. सामान म्हणजे एक पेटी, दोन ब्लँकेटं आणि मिशनच्या शाळेत बक्षीस मिळालेली ही कोरी वही. सेचाबा मला दारात सोडून खाणीवर परत गेला. लग्नाची तीन आठवड्यांची सुट्टी संपली, आता तो थेट नाताळात येईल.

घर गोल, एका खोलीचं, छप्पर नवं शाकारलेलं. आणि भिंत! दारापासून खिडकीपर्यंत तांबड्या गेरूचा लेप, त्यात ओल्यावर बोटांनी ओढलेल्या पानांच्या रेघा. डोंगरावरून बोचरा वारा येत होता, तरी तिच्याकडे बघून ऊब वाटली. मी म्हटलं, किती सुरेख. सासूबाई म्हणाल्या, "मामोसाचा हात आहे."

सुनेला होणाऱ्या लेकराची आई म्हणून हाक मारायची, ते नाव सासूनं ठेवायचं. वाटेत मी मनात चार-पाच नावं घोळवत आले होते. सासूबाईंनी क्षणभरही विचार केला नाही. "या घरची सून मामोसा, मोसाची आई. तूही मामोसाच."

सेचाबाची पहिली बायको गेल्या हिवाळ्यात बाळंतपणात गेली. पोटातली मोसाही गेली. हे मला माहीत होतं. तिचं नावसुद्धा मलाच घालावं लागेल, हे माहीत नव्हतं. असो. घर छान आहे. माहेरी माझं नाव केनेइलोए, ते निदान या वहीत राहील.

१२ ऑक्टोबर
झऱ्यावर शेजारची मालिफो भेटली. तोंडाची फटकळ, मनाची बरी. तिच्याकडून मामोसाचंच ऐकलं. तिचा गेरू असा, तिची बोटं तशी, तिच्या भिंतीजवळ बसलं की चुलीपाशी बसल्यासारखं वाटायचं. मीही सारवू शकते म्हटल्यावर हसली. "शाळेतली बोटं पेन्सिल धरतात गं बाई, शेण नाही."

मक्याची उकड जास्त घट्ट झाली तर मामोसाची मऊ व्हायची. मी हळू बोलले तर मामोसा मोकळं हसायची. मेलेल्या बाईशी भांडता येत नाही, हा तिचा केवढा फायदा.

२६ ऑक्टोबर
सेचाबाचं पत्र आलं. पाच ओळी. तिसऱ्या ओळीत विचारलंय, भिंत नीट आहे ना, उन्हाळ्याच्या पावसाआधी बघून घे. मी कशी आहे, ते पाचवीत.

९ नोव्हेंबर
काल गारांचा पाऊस झाला. गावातल्या सगळ्या भिंती धुऊन निघाल्या. दर वर्षी निघतात, बायका नव्यानं लिंपतात. आमच्या भिंतीचा कपचाही उडाला नाही. सासूबाई चर्चला गेल्यावर मी कुदळीनं तिचं एकेक पान खरवडून काढलं. हात भरून आले, पण इतकं बरं मला या घरात कधी वाटलं नव्हतं. सासूबाईंना सांगितलं, पावसानं गेलं. त्या खाली पडलेली ढेकळं ओच्यात गोळा करत बसल्या.

१४ नोव्हेंबर
ओढ्याकाठची लाल माती आणली, दगडावर वाटली, शेणात कालवली, माझ्या सरळ रेघा ओढल्या. वाळल्यावर रंग फिक्कट गुलाबी आला. मालिफो म्हणाली, "तापकऱ्याची जीभ दिसतेय." सगळ्या जणी खिदळल्या. मीही हसले. घरात येऊन ताटली फोडली.

१८ नोव्हेंबर
तो रंग सापडला. गोठ्यामागे मामोसाची कबर आहे. तिच्यावरच्या ढिगाऱ्याची माती हुबेहूब तशीच. भर दुपारी दोन टोपल्या भरून आणल्या. मी काय केलं ते मला कळतं. पण नाताळात सेचाबानं पहिला हात लावावा तो माझ्या भिंतीला.

२२ नोव्हेंबर
भिंत झाली. असा तांबडा गावानं पाहिला नसेल. बायका बघायला आल्या. सासूबाईंनी भिंतीला गाल लावला आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आली माझी पोर." मालिफो म्हणाली, हुबेहूब मामोसाचा हात.

राबले मी.

१ डिसेंबर
भिंत वाळत नाही. नऊ दिवसांचं कडक ऊन झालं तरी बोट रुततं. आणि गरम आहे. सावलीतल्या बाजूलाही गरम, अंगाला हात लावावा तशी. मी सरळ रेघा ओढल्या होत्या. दाराजवळ त्या वळू लागल्यात. पानं होताहेत.

८ डिसेंबर
खिडकी लहान झालीय. कडेनं चार बोटं नवा लेप. सासूबाईंना विचारलं, तुम्ही लिंपलंत का. त्या म्हणाल्या, "मी कशाला? काल दुपारभर तूच तर लिंपत होतीस. गुणगुणत होतीस."

काल दुपारभर मी मालिफोकडे ज्वारी निवडत होते.

१३ डिसेंबर
मालिफो म्हणाली, आज झऱ्यावर किती हसवलंस गं, आता कुठे घरची झालीस.

मी आज झऱ्यावर गेले नाही.

१७ डिसेंबर
दारही अरुंद झालंय, अंग तिरकं करून निघावं लागलं. खांदे तांबडे झाले, घासूनही जात नाहीत. कुदळ मारली. आत ओलं, त्याच्या आत आणखी तांबडं. कुदळ निघेना. तशीच अडकून आहे.

पेटी घेऊन माहेरी निघाले. झऱ्यापर्यंत गेले. वळून पाहिलं तर अंगणात सासूबाई दोन वाडगे मांडत होत्या. दोन. मी तर इथे उभी. म्हणजे मी गेले की घर तिचं, सासूबाई तिच्या, आणि सहा दिवसांनी तोही—

परत आले. अंग तिरकं करून आत शिरले. मी नाही जाणार.

२० डिसेंबर
खिडकी नाही. दार वीतभर. हाक मारते, सासूबाई मान वर करत नाहीत. बाहेर तान्हं मूल रडतं. सासूबाई म्हणतात, "मोसाला दे इकडे, तू हात धू."

भिंतीजवळ गरम होतं. मधोमध बसले आहे.

२३ डिसेंबर
बस आली. भोंगा ऐकला. फटीतून बोटभर उजेड, त्यावर लिहिते—

त्याचा आवाज. त्यानं मामोसा म्हटलं. मला तशी हाक त्यानं कधी—

मी ओरडले. केनेइलोए, केनेइलोए. तो थांबला. विचारलं, आत कुणी आहे का. ती म्हणाली, "कोण असणार? भिंत ओली आहे हं, हात लावू नका."

आणि तो हसला. तीन आठवड्यांत एकदाही माझ्याजवळ असा— एकदाही—

फटीतून बोटं आली. गेरूनं भरलेली. उजेड बुज