व्हिएन्ना की ब्रातिस्लाव्हा: पाण्याचा दिवस बघून

११ फेब्रुवारी
ह्यांच्या कंपनीची डायरी कपाटात सापडली. २०२२ची आहे, पण कागद जाड आणि पानं कोरी. तीन वर्षं तशीच पडून होती. तारखा जुळतात, वार जुळत नाहीत. वाराकडं बघायचं नाही. ८ फेब्रुवारीपर्यंतची पानं ह्यांची. आठ दिवसाला एक नोंद, नळाला पाणी किती वाजता आलं त्याची. बाकी काही नाही. चांगल्या डायरीचं असं करणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. मी नीट वापरणार.

आज पुण्याहून प्रांजलीचा फोन. मे महिन्यात नऊ दिवस रजा आहे, मला युरोपला नेणार. तुझे गुडघे बघता धावपळ नको, एकाच शहरात राहू, म्हणाली. व्हिएन्ना की ब्रातिस्लाव्हा, ते मी निवडायचं. जिथं मुक्काम त्या देशाचा व्हिसा, म्हणून एक मार्चपर्यंत सांग, म्हणाली. एवढ्या मोठ्या पोरीला आईचा स्वभाव माहीत नाही. आठवड्यात सांगते म्हटलं.

१२ फेब्रुवारी
अभ्यास सुरू. माझी शाळा सातवीपर्यंत, पण वाचन फार पुढं गेलेलं आहे. लायब्ररीतून चार पुस्तकं आणली, बाकीचं मोबाईलवर. वहीत दोन रकाने आखले.

प्राथमिक नोंदी: दोन्ही राजधान्या. दोन्ही एकाच नदीवर. मधलं अंतर साठ किलोमीटर, रेल्वेनं एक तास. म्हणजे आपल्या इथून पैठण, किंवा जरा पुढं. ही माहिती निर्णयाला उपयोगी नाही, पण लिहून ठेवते.

पासपोर्ट आहे. ह्यांनी दोघांचे एकदम काढले होते. ह्यांचा २०२९पर्यंत चालू आहे.

१४ फेब्रुवारी, सकाळी ६.२०
पाणी आलं. अभ्यास बंद. टाकी, दोन ड्रम, अकरा हंडे.

१९ फेब्रुवारी
शेजारच्या तात्यासाहेबांचा सल्ला घेतला. रिटायर्ड हेडक्लार्क, टूरबरोबर युरोप करून आलेत, नऊ दिवसांत अकरा देश. ब्रातिस्लाव्हा कसं आहे विचारलं. म्हणाले, गेलो असेन वहिनी, बसमध्ये डोळा लागला होता. बरं, व्हिएन्ना? म्हणाले, हॉटेलचे नळ फार छान. अकरा देशांतलं त्यांच्याकडं एवढंच शिल्लक आहे, कुठं तोटी डावीकडं फिरते आणि कुठं उजवीकडं. आणि गल्लीत सगळे त्यांना फिरलेला माणूस म्हणतात.

२७ फेब्रुवारी
ठरलं. व्हिएन्ना. राजवाडे आहेत, मोठी लायब्ररी आहे, कॉफीबरोबर पाण्याचा ग्लास न मागता देतात. नळाला डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी, चोवीस तास. आता यात बदल नाही.

२८ फेब्रुवारी
ब्रातिस्लाव्हा. चोवीस तास पाणी असलेल्या गावात माणसं सकाळी उठून करतात काय, हे मला कळेना. शिवाय व्हिएन्नाला सगळेच जातात. ब्रातिस्लाव्हाचा किल्ला टेकडीवर पालथ्या टेबलासारखा दिसतो, चार पाय वर. अशा गावाला गर्व नसणार.

(तिथल्या पाण्याचं बघितलं. तिथंही चोवीस तास.)

१ मार्च
प्रांजलीचा फोन. निर्णय ऐंशी टक्के झालाय, सांगितलं. कुणाच्या बाजूनं, तिनं विचारलं. म्हटलं, ते उरलेल्या वीस टक्क्यांत येईल. मग म्हणाली, तीस मार्च, आई. त्यापुढं व्हिसा होणार नाही, रजा फुकट जाईल.

पोरीला घाई फार. वडिलांवर गेली नाही.

७ मार्च
साळूबाई आल्या. माझ्या मोठ्या जाऊबाई, आपल्या गावातल्याच सातारा परिसरात खंडोबाच्या देवळाजवळ राहतात. म्हणाल्या, देवापुढं चिठ्ठ्या टाक. मी वाचणारी बाई, असलं मानत नाही. त्यांचा मान राखायचा म्हणून भंडारा लावून दोन चिठ्ठ्या टाकल्या. ब्रातिस्लाव्हा निघालं. पण ती चिठ्ठी वरच होती, ते धरता येत नाही. परत टाकल्या. व्हिएन्ना. म्हणजे एक-एक. तिसऱ्यांदा टाकणार तर साळूबाईंनी हातातून चिठ्ठ्या ओढून घेतल्या. म्हणाल्या, आगं आवडे, त्याला काय इचारती? त्याला सोताला निवडता आलं नाय. म्हाळसा बी केली, बानू बी केली. तुला जायाचंच नसंल तर तसं म्हण की, देवाला कशाला दमवती.

भल्या बाई आहेत, पण भूगोल कच्चा.

१६ मार्च
शहराचा प्रश्न बाजूला ठेवून आधी तारखांचा घेतला. पाणी आठव्या दिवशी. मे महिन्यात येतं पाच, तेरा आणि एकवीस तारखेला. ट्रिप नऊ दिवसांची. मधल्या खाचेत नऊ दिवस बसत नाहीत. सहा प्रकारे सरकवून बघितलं, प्रत्येक वेळी एक पाणी बुडतं. युरोपवरच्या चारही पुस्तकांत ह्या अडचणीचा उल्लेख नाही. लिहिणाऱ्यांनी घरी कुणाला ठेवलं होतं कोण जाणे.

तात्यासाहेब म्हणाले, किल्ली द्या वहिनी, मी भरतो. स्वतःची मोटार लावून पेपर वाचत बसतात. मागच्या पाण्याला त्यांची टाकी वाहून वाहून माझी एक चप्पल कोपऱ्यापर्यंत गेली.

प्रांजली म्हणाली, टँकर मागवू. म्हटलं, टँकरचं पाणी ह्यांना चालत नसे. ती म्हणाली, आई. पुढं काही नाही, नुसतंच आई.

२३ मार्च
प्रांजली स्वतः आली. तिला रकाने दाखवले. सत्तेचाळीस मुद्दे व्हिएन्नाच्या बाजूनं, सत्तेचाळीस ब्रातिस्लाव्हाच्या. कौतुक करेल असं वाटलं. तिनं वही मिटली. म्हणाली, आई, तीन वर्षांत तू हर्सूलला मावशीकडं एकदा राहिली नाहीस. जेवतेस आणि पाचच्या आत घरी. म्हटलं, योग आला नाही. ती म्हणाली, गावातल्या गावात कसला योग लागतो गं? मग म्हणाली, शहर कुठलंही चालेल मला. बाबा असताना आपण तिघं कधी कुठं गेलो नाही. आता दोघी तरी जाऊ.

असं बोलल्यावर अभ्यास कसा व्हायचा. मी चहा टाकला.

मुक्कामी मी शेवटची गेले ती जालन्याला, भाचीच्या लग्नाला. दोन दिवस. परत आले तर दारात माणसं उभी होती. ह्यांनी डायरीत ‘पाणी ६.१०’ लिहिलंय, पुढं ‘टाकी भरली’ लिहायचं राहिलं. तोटी तशीच उघडी होती, पाणी केव्हाच गेलेलं. ती मीच बंद केली.

ह्याचा व्हिएन्नाशी संबंध नाही. ब्रातिस्लाव्हाशीही नाही.

३० मार्च, गुढीपाडवा
शेवटची तारीख आणि मुहूर्तही चांगला. प्रांजलीला मेसेज केला, दोन्ही शहरं आपापल्या जागी चांगली आहेत. तिनं विचारलं, दोघींचा अर्ज करू की एकटीचा? मी लिहिलं, आधी तू बघून ये, म्हणजे मला पुढच्या वेळी नीट निवडता येईल. बऱ्याच वेळानं ठीक आहे आलं.

पटलं तिला.

१३ मे, सकाळी ६.४०
पाणी आलं. फोर्स बरा. प्रांजली तिकडं पोहोचून तीन दिवस झाले. मी गेले असते तर आजचं पाणी बुडालं असतं. गणित बरोबर होतं.

१४ मे
प्रांजलीचे फोटो. दुपारी ब्रातिस्लाव्हात जेवली, संध्याकाळी व्हिएन्नात कॉफी. लिहिलंय, आई, तासाभराचा रस्ता आहे, कुठंही राहिलं तरी दोन्ही झाली असती. तू एवढं वाचलंस, तुला माहीत असेलच.

१२ फेब्रुवारीचं पान काढून बघितलं. माहीत होतं.

एका फोटोत ती किल्ल्याच्या कट्ट्यावर बसली आहे, एका टोकाला. बाकी कट्टा रिकामा. कॉफीच्या फोटोत पाण्याचा ग्लास आहे, न मागता दिलेला. तो तिनं प्यायलेला नाही.

१६ मे
नवा प्लॅन. उद्या एकटीनं पैठणला जायचं. अंतर साधारण तेवढंच, एसटीनं थोडा जास्त वेळ. हे जमलं की व्हिएन्ना ते ब्रातिस्लाव्हा जमल्यासारखंच. पुढं दिवाळीनंतर प्रांजलीला तारीख कळवायची. पाणी एकवीसला, म्हणजे काळजी नाही. साळूबाईंना फोन करून सांगितलं. म्हणाल्या, जा बाई जा, पैठण कुटं पळून जात नाय. वर हसल्या. उद्या त्यांना नाथांच्या गावचा फोटोच पाठवते.

१७ मे
सकाळी आठची गाडी, खिडकीची जागा. निघताना तोटी दोनदा बघितली. गाडी गावाबाहेर पडल्यावर वाटलं, एकदाच बघितली. पाणी यायला चार दिवस आहेत, कोरडी तोटी उघडी राहिली तरी काय होणार, हे मला कळतं. तरी तात्यासाहेबांना फोन केला. ते फाटकातून बघून म्हणाले, बंद आहे वहिनी, खुशाल जा. पण त्यांना लांबचं नीट दिसत नाही.

वाटेत चितेगावलाच उतरले. समोरच ह्यांच्या कंपनीचं गेट. सव्वीस वर्षं हे इथं उतरले आणि रोज संध्याकाळी घरी आले. वॉचमन नवीन आहे. कुणाकडं जायचंय मावशी, म्हणाला. कुणाकडं नाही म्हटलं. उन्हात उभ्या राहू नका म्हणून त्यानं पाण्याची बाटली दिली. मी मागितली नव्हती. पाणी प्याले आणि रस्ता ओलांडून परतीच्या रिक्षात बसले.

चितेगाव वीस किलोमीटर. म्हणजे एक तृतीयांश ब्रातिस्लाव्हा झालं.

साडेदहाला कुलूप उघडलं. घर सोडलं तसंच होतं. दारात कुणी नव्हतं. तोटी बंद होती.