यादीतून गाळलेला मारुती

धार, कार्तिक वद्य पंचमी, संध्याकाळ

नव्या कचेरीसाठी जुनी कचेरी उद्या पाडणार. "आणि भिंतीतला मारुती?" मी विचारले. ओव्हरसीअर हसला. "नाना भिया, सामानाची यादी तुम्हीच केली. तीत हनुमानजी नाहीत, मग भिंतीत कुठून आले?"

खरे आहे. दारे, तुळया, घडवंच्या यांच्या रांगेत देवाला कसे लिहावे, म्हणून मीच गाळला. भक्तीनेच ना?

धीर करून दिवाणसाहेबांना चूक सांगितली. रागावले नाहीत. "आता घाला की," म्हणाले, "पण शेवटचा रकाना रिकामा नको."

त्यात दोनच शब्द चालतात. 'उपयोगी' म्हणजे सामानाच्या कोठीत, 'टाकाऊ' म्हणजे लिलावात. न लिहावे तर सकाळी पहार.

'मारुती, दगडी, नग एक' एवढे लिहून बसलो आहे. वीस वर्षे त्याला तेल वाहिले. रामा, यातला कोणता शब्द लिहू?