पान चौदावरची विहीर

मनवेलपाडा, विरार (पूर्व)
११ जानेवारी १९९९

तीर्थस्वरूप जयरामभाऊजींना दिनानाथचा साष्टांग नमस्कार. जिजाताईचा गुडघा (उजवा, मागच्या पत्रात तुम्ही डावा लिहिलात, ते चूक आहे) आता कसा आहे? आम्ही सर्व ठीक. मीच थोडा कमी ठीक.

झालं असं, की माणिकपूरच्या एका शाळेला विद्यार्थ्यांच्या इतिहास-संशोधन स्पर्धेसाठी परीक्षक मिळेना. मी आपणहून गेलो. (पदवी नाही म्हणून मागे राहणारा मी नव्हे. पदवीवाले विहिरी मोजत नाहीत.) मुख्याध्यापिका लुसी टीचरना तुमच्या छापखान्यात छापलेली माझी विहिरींवरची पुस्तिका भेट दिली, आणि निकषही लिहून दिले: मूळ पुरावा, प्रत्यक्ष पाहणी, आणि कुणाची चूक सापडली तर नाव घेऊन दाखवण्याचं धैर्य. आता वाटतं, दोन निकष पुरे होते.

पहिल्या आठ मुलांनी आठ वेळा वसईचा किल्ला आणला. नववी आली गास गावची जागृती. तिने तक्ता उलगडला आणि माझ्याकडे बघत वाचलं, "श्री. दिनानाथ यांनी पान चौदावर आमची विहीर पोर्तुगीजकालीन ठरवली आहे. ते चूक आहे." मी शांत होतो. (पेनाचं टोपण तेवढं चावलं गेलं.) भाऊजी, त्या कठड्यावर क्रूस कोरलेला आहे, मी स्वतः मोजलाय, साडेसहा इंच! क्रूस म्हणजे पोर्तुगीज, हे सरळ नाही का? पण मुलीने पुरावा म्हणून आजीच आणली होती. रंभाआजी उभ्या राहिल्या.

"अरे बाबा, ती विहीर माझ्या लग्नाच्या वर्षी खनली. पास्कल गवंड्यानं बांधली. पानी गोडं लागलं म्हनून त्यानं क्रूस काढला. तू आलास तेव्हा मी तिथंच भांडी घासत होते. दगडाला टेप लावलीस, मला नाय विचारलंस!"

मी करड्या आवाजात लग्नाचं साल विचारलं. जागृतीने लग्नपत्रिका समोर ठेवली: १९५३. वर समजूत घातल्यासारखं म्हणाली, "पण सर, तुमचं माप बरोबर आहे."

मी तिथल्या तिथे तिला पहिला क्रमांक दिला. सत्यापुढे मी किती लवकर वाकतो, हे तुम्ही जाणताच.

ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
दिनानाथ

ता. क. – वाकायला थोडा वेळ लागला. समास वाकडा म्हणून मी आधी चार गुण कापले होते. ती तिसरी येत होती. लुसी टीचरनी माझाच तिसरा निकष मला वाचून दाखवला. मोठ्याने.

ता. क. २ – पत्राचं खरं कारण. सगळ्या विजेत्यांना माझीच पुस्तिका बक्षीस द्यायचं मी आधीच कबूल करून बसलोय. समारंभ सव्वीस जानेवारीला. तेव्हा पान चौदावर चिकटवायला शुद्धिपत्र छापून पाठवा. जागृतीचं नाव ठळक, माझं बारीक.

ता. क. ३ – पाकीट चिकटवणार तोच जागृतीचं पोस्टकार्ड आलं. आजी रोज पुस्तिका वाचून घेतात म्हणे. पंधरा, सोळा आणि सतरा या पानांबद्दल त्यांना माझ्याशी बोलायचंय. छपाई तूर्त थांबवा. पुस्तिका चाळीस पानांची आहे.